गेटजवळच्या दगडाला डोळे

डोळ्याच्या दवाखान्यात जायचं म्हटलं की यादव सकाळपासूनच भांडणाला उठायचा. चहा पाणचट, रिक्षावाला आडमुठा, बायको उशीर लावणारी. त्या दिवशीही मंगलाबाई कुलूप लावून पुन्हापुन्हा ओढून बघत होती आणि हा रिक्षातून ओरडत होता, "अगं, आत काय खजिना पुरलाय का? ये की लवकर!"

"खजिना नाय, तुमची इन्सुलिन हाय," पदर खोचत ती रिक्षात चढली. "ती गेली म्हंजे बोंबलत बसाल."

यादवची सारी हयात मनमाडला रेल्वेच्या रुळावर गेली. गँगमन होता. उन्हातान्हात घण घातले, गाडी आली की बाजूला उभा राहिला, गाडी गेली की पुन्हा घण. रिटायर झाल्यावर पोरानं, मनोजनं, नाशकात मखमलाबादच्या अंगाला एक छोटं रो-हाऊस बघून दिलं. मनोज अंबडला कंपनीत. तो तिकडंच राहायचा, रविवारी येऊन जायचा. घरात ही दोघंच.

साखर यादवच्या रक्तात कधी शिरली ते कुणाला कळलं नाही. डाव्या डोळ्यात आतून रक्त उतरलं, तर हा 'कचरा गेला असंल' म्हणत गुलाबपाणी घालत बसला. दवाखान्यात पोचला तोवर तो डोळा हातचा गेलेला. आता राहिला उजवा. त्याच्याही पडद्यावर नको त्या बारीक शिरा फुटल्या होत्या. डॉक्टर म्हणाला, त्या लेझरनं जाळाव्या लागतील, एका दमात नाही, थोड्या थोड्या करून. नाही जाळल्या तर हाही डोळा त्याच वाटेनं जाणार.

मरायचं यादवला काही वाटत नव्हतं. मेलं म्हणजे सुटलं. पण बायकोनं दंडाला धरून मोरीपर्यंत न्यायचं, ताटात भाजी कुठं अन् भाकरी कुठं ते सांगायचं, हे त्याला नको होतं. म्हणून तर जात होता. नाहीतर त्या थंडगार एसीत, नाकात स्पिरिटचा वास घेत, तासन्‌तास बाकड्यावर बसायला त्याला कुणी हत्तीवरून बोलावलं असतं तरी तो गेला नसता.

लेझर म्हणजे काय, तर आधी थेंब घालून घालून बुबुळ मोठं करायचं. मग अंधाऱ्या खोलीत यंत्रापुढं बसवायचं. हनुवटी टेकवा, कपाळ पट्टीला लावा, हलू नका. डोळा बधिर करून त्यावर काचेची वाटी दाबून धरतात, आणि मग हिरवा लखलखाट सुरू होतो. टिक... टिक... टिक... दुखत नाही म्हणून सांगतात. सांगणाऱ्याच्या डोळ्यात घालून बघावं एकदा. मधूनच एखादा ठोका असा लागतो की जणू कवटीच्या मागून कुणी सुई टोचली.

"बाबा, हलू नका," डॉक्टर म्हणाला. पोरगेलासाच होता.

"मी नाय हालत. तुझं यंत्र हालतंय."

संपलं तेव्हा सगळं जग जांभळं, मग काळं, मग हळूहळू धुरकट दिसायला लागलं. काळा चष्मा चढवला आणि नियम सांगितले. वजन उचलायचं नाही. वाकायचं नाही. चढउतार, गाडीचे हिसके, काही नाही. थेंब घातला की पाच मिनिटं डोळा मिटून, नाकाकडचा कोपरा बोटानं दाबून गप बसायचं.

मंगलाबाईचा चेहरा उतरला. तिनं वणीच्या देवीला नवस बोलला होता. यादवचा उजवा डोळा राहिला तर तो स्वतः गडाच्या पायऱ्या चढून देवीला चांदीचे डोळे वाहील. बोलली त्याच दिवशी सराफ बाजारातून डोळे घेऊनही आली होती. बोटाच्या पेराएवढे, मधे काळ्या मिन्याचं बुबुळ.

"मग गडावर कधी जायचं हो?" तिनं डॉक्टरला विचारलं.

"सगळ्या बैठका होऊ द्या आजी. मग बघू."

घरी आल्यावर तिला ती चांदी घरात ठेवणं जड जायला लागलं. बोललेली वस्तू घरात पडून राहू नये, असं तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. आणि इथंच ती चुकली.

कॉलनीच्या गेटजवळ, कडुनिंबाखाली एक दगड होता. गुडघ्याएवढा, शेंदराचे थरावर थर चढून गुळगुळीत झालेला. ना नाक, ना तोंड, ना डोळे. ही सगळी जमीन मूळ कोंडाजी नावाच्या शेतकऱ्याची. प्लॉट पडले तेव्हा त्यानं अट घातली होती की हा दगड हलवायचा नाही. म्हातारा दर अमावस्येला यायचा, तेल घालायचा, शेंदूर लावायचा आणि पाठ न दाखवता मागं मागं सरत निघून जायचा. कॉलनीतले लोक येताजाता हात जोडायचे, कोण देव आहे हे कुणी विचारलं नव्हतं.

मंगलाबाईनं तेलात शेंदूर कालवला आणि यादवचं नाव घेऊन ते चांदीचे डोळे त्या दगडाला चिकटवले. देव सगळा एकच. सध्या यानं सांभाळावेत, यादव बरा झाला की काढून गडावर नेऊ, असा तिचा सरळ हिशोब. घरी येऊन तिनं यादवला सांगितलंही.

"चांगलं केलंस," यादव म्हणाला. "त्यालाबी जरा दिसू दे, कॉलनीत काय काय चालतं ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी थेंब घालून तो डोळा मिटून बसला. चैत्र संपत आलेला, बाहेर ऊन नुसतं ओतत होतं. कूलर घरघरत होता. मिटल्या डोळ्यापुढं रोज लाल अंधार असायचा, त्या दिवशी तो हळूहळू उजळला. आणि त्याला रस्ता दिसला.

रस्ता खालून दिसत होता, गुडघ्याच्या उंचीवरून. कडुनिंबाची वाळकी पानं, एका स्कूटरचं मागचं चाक, गेटाचे खालचे गज. भाजीची गाडी येऊन उभी राहिली. मग एक हिरवं लुगडं आलं, पायात निळी स्लीपर. मंगलाबाई. तिनं कारली उचलली, नाक मुरडलं, परत टाकली. गवार निवडून घेतली. आवाज काही नव्हता. नुसतं दिसत होतं, आणि साफ दिसत होतं, जसं त्याला वीस वर्षांत दिसलं नव्हतं.

त्यानं डोळा उघडला. घर पुन्हा धुरकट. थोड्या वेळानं मंगलाबाई पिशवी घेऊन आत आली.

"कारली का परत टाकलीस?"

ती दारातच थबकली. "तुम्हाला काय म्हायती? तुम्ही बाहेर आल्ता? चष्म्याबगर?"

"मी खुर्चीतून हाललो नाय."

"मग?"

"भाजीवाल्याचा आवाज ऐकला," तो म्हणाला. खरं सांगून तरी ती काय करणार होती?

डॉक्टरला मात्र त्यानं विचारलं. "डोळा मिटल्यावर मला दिसतंय."

"चमका दिसतील बाबा. पडद्याला मार बसलाय ना. जातील."

"चमका नाय. रस्ता दिसतो."

डॉक्टर हसला. "मग काय, चांगलंच आहे की!"

आणि खोटं कशाला बोला, यादवला ते बरंच वाटायला लागलं. दिवसभर काळ्या चष्म्याआड भिंत बघत बसणाऱ्या माणसाला फुकटचा टीव्ही मिळाला. कोण कुणाच्या दारात थुंकतं, कुणाचा कुत्रा कुणाच्या गाडीवर पाय वर करतो, सगळं कळायला लागलं. तो थेंबाच्या वेळेची वाट बघायचा. पण काही दिवसांनी त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. रस्त्यावर कुणीही असो, मंगलाबाई बाहेर आली की ती नजर बाकी सगळं सोडून तिच्याकडं वळायची. ती आत जाईपर्यंत तिच्यावरच. मग कितीतरी वेळ बंद दारावर.

मग एकदा थेंब घातल्यावर त्याला गेट दिसलंच नाही. दिसला स्वतःच्या घराचा ओटा.

तो खुर्चीतून उठला, चप्पल घालून गेटापर्यंत गेला. दगड जागच्या जागी होता. चांदीचे डोळे उन्हात चकाकत होते. तिथं उभं राहून त्यानं डोळा मिटला. पुढं दगड नव्हता, तो उभा होता ती जागाही नव्हती. पुढं होतं त्याच्या घराचं दार. उघडं. आत, अंधुक उजेडात, मंगलाबाई तांदूळ निवडत बसलेली.

तो धापा टाकत घरी आला. उंबऱ्यात करपट तिळाच्या तेलाचा वास भरला होता.

"काय तळलंस?"

"काय नाय बाई. चूल बी पेटली नाय अजून." तिनं वर बघितलं. "असं काय बघताय? साखर उतरली का?"

अमावस्येला कोंडाजी आला. त्याचा आरडाओरडा घरात ऐकू आला म्हणून यादव बाहेर गेला. म्हातारा दगडापासून लांब, रस्त्याच्या पार पलीकडं उभा होता. तेलाची बाटली हातात तशीच.

"कुणी लावले डोळे याला? कोणाच्या अंगात मस्ती आली?"

"आमच्या मंडळीनं लावले," यादव म्हणाला. "नवसाचे हायेत. ओरडू नको."

कोंडाजीचा आवाज एकदम बसला. "यादवभाऊ, आमच्या आज्यापणज्यापासून याला शेंदूर हाय, तेल हाय, नारळ हाय. डोळे नाय. कधीच नाय."

"का?"

"आता ते कुणी सांगितलं नाय, अन् आम्ही बी इचारलं नाय..." तो दगडाकडं न बघता बोलत होता. "बघत नव्हता, म्हणून एका जागी बसला होता. एवढंच म्हायती."

"मग काढून टाक."

"मी? मी कशाला हात लावू? ज्याच्या नावाचे, त्यानंच काढायचे. अन् काढले म्हंजे..." त्यानं यादवच्या काळ्या चष्म्याकडं बघितलं.

"काढले म्हंजे काय? बोल की तोंडानं."

"तुझा एकच राहिलाय ना रे?"

एवढं बोलून कोंडाजी गेला. त्या अमावस्येला दगडाला तेल पडलं नाही.

यादव विचार करत बसला. विचार कसला, टाळाटाळ. अजून एक बैठक बाकी होती. ती होऊ दे, डोळा पक्का होऊ दे, मग बघू. आयुष्यभर राबलो, आता म्हातारपणी एक डोळा राहू दे म्हटलं तर काय पाप केलं? असं तो स्वतःशीच भांडत होता. थेंब घालायचे त्यानं बंद केले, मंगलाबाईला कळू नये म्हणून बाटली मोरीत पिळून टाकली. पण नुसती डुलकी लागली तरी दिसायचं. स्वयंपाकघराचं दार. मग स्वयंपाकाच्या ओट्याचा कोपरा. मग तिची पाठ, पोलक्याची शिवण, मानेवरचा घाम. सगळं रोज थोडं जवळून. ती भाकरी थापायची आणि थापता थापता मधेच खांद्यावरून मागं बघायची.

"काय गं?"

"काय नाय. मला वाटलं तुम्ही आलात मागं."

शेवटच्या बैठकीला मनोजनं सुट्टी काढली आणि दोघांना गाडीतून नेलं. मंगलाबाई बाहेर बाकड्यावर बसली. मनोज गाडी लावायला गेला. यादवला अंधाऱ्या खोलीत घेतलं. हनुवटी, कपाळ, काचेची वाटी.

टिक... टिक...

हिरवा लखलखाट झाला आणि दोन ठोक्यांच्या मधल्या काळोखात त्याला दिसलं. दवाखान्याची पांढरी भिंत. बाकडं. आणि मंगलाबाईचा कान. इतका जवळून, की कानातल्या फुलाचा मळ दिसत होता, पांढऱ्या केसांची एकेक मुळी दिसत होती. कुणीतरी तिच्या शेजारी, अगदी चिकटून बसलं होतं आणि तिच्याकडं तोंड करून बघत होतं.

टिक...

तिनं अंग चोरलं. थोडी बाजूला सरकली. नजरही तेवढीच सरकली.

"बाबा! हलू नका! मी सांगतोय ना!"

"माझी बायको बाहेर..." यादवनं दाराकडं हात केला. "तिच्या शेजारी कोण बसलंय, बघा जरा..."

नर्सनं दार उघडून बघितलं. "एकट्याच आहेत आजी. बाकडं रिकामं आहे सगळं."

घरी पोचल्यावर मंगलाबाई आत गेली, मनोजही पाणी प्यायला गेला. यादव आत गेला नाही. डोळ्यातून पाणी वाहत होतं, सगळं जांभळं दिसत होतं. तो भिंतीला, झाडाला हात लावत दगडापाशी गेला. वाकू नका म्हणून सांगितलं होतं. तो वाकला. गुडघे टेकून बसला. दगड उन्हानं तापला होता.

"घे," तो म्हणाला. "माझा घे. हाय काय त्यात आता. पण तिच्या वाटंला जाऊ नको."

डोळा मिटल्यावर आत स्वयंपाकघर दिसत होतं. मंगलाबाई चहा टाकत होती, आणि तिच्या गालाचा एवढा भाग दिसत होता की बाकी काहीच दिसत नव्हतं. यादवनं नखं घातली. शेंदूर वाळून घट्ट झाला होता. नख मोडलं, रक्त आलं. एक डोळा निघाला. तो गाल अर्धा विझला. दुसरा निघाला आणि सगळं विझलं, अगदी टीव्हीची वायर ओढल्यासारखं.

मनोज धावत आला. "अण्णा! काय करताय हे? डॉक्टरनं काय सांगितलं होतं?"

"हे धर," यादवनं चांदीचे डोळे त्याच्या हातात कोंबले. "आत्ताच्या आत्ता गडावर जा. दानपेटीत टाकून ये. घरी आणू नको."

"आत्ता? अहो, जेवण तरी..."

"जा म्हणतो ना भाड्या!"

मनोज गेला. बापाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

त्या दिवशी यादव खुर्चीच्या हाताला धरून अंधाराची वाट बघत बसला. मोरी कुठं, दार कुठं, पाण्याचा माठ कुठं, सगळं मनात पाठ करून ठेवलं. मंगलाबाई हाक मारायची तेव्हा आवाज कुठल्या बाजूनं येतो ते टिपून ठेवत होता. अंधार आला नाही. सकाळी उठला तर पंखा दिसला, पंख्यावरची जळमटं दिसली.

पुढच्या तपासणीला तर त्यानं तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ वाचली. डॉक्टरनं पाठीवर थाप मारली. "बाबा, एवढा चांगला निकाल मीही गृहीत धरला नव्हता." काळा चष्मा सुटला. मिटल्या डोळ्यापुढं आता नुसता लाल अंधार होता, सगळ्यांना असतो तसा. घरातला तेलाचा वासही गेला. यादवनं कोंडाजीला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. म्हणे एकच राहिलाय!

मग एके दिवशी दुपारच्या जेवणाला तो पाटावर बसला. मंगलाबाई समोर बसून भाकरी मोडत होती. त्यानं वर बघितलं. तिचे डोळे मिटलेले होते.

"डोळा लागला का काय तुझा?"

"मला? जेवता जेवता?" ती हसली. मिटल्या डोळ्यांनी तिनं ठेच्याची वाटी उचलली, बरोबर त्याच्या ताटाच्या कडेला ठेवली. "मिशीला वरण लागलंय. पुसा."

वरण लागलं होतं.

"डोळे उघड मंगल."

"अहो, उघडेच हायेत की!"

त्यानं रविवारपर्यंत दम धरला. मनोज आला, आईसमोर बसून चहा प्याला, तासभर गप्पा मारल्या. यादवनं त्याला ओट्यावर घेतलं. "आईचे डोळे बघितलेस का?"

"काय झालं आईच्या डोळ्यांना? चांगले आहेत की टकटकीत." मनोजनं बापाकडं नीट बघितलं. "अण्णा, तुम्हाला नीट दिसतंय ना?"

यादवला नीट दिसत होतं. रस्त्यापलीकडच्या घराची पाटी वाचता येत होती. कडुनिंबाचं पान न्‌ पान वेगळं दिसत होतं. जगात एकच गोष्ट त्याला दिसत नव्हती, ती म्हणजे बायकोचे उघडे डोळे. ती मिटल्या डोळ्यांनी भाजी चिरायची, सुई ओवायची, त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण लांबून ओळखायची. तो तिला पुन्हा काही बोलला नाही. थकला होता तो. दमलेल्या माणसाला काही दिवसांनी कशाचीही सवय होते, मनात म्हणाला, याचीही होईल.

झालीही असती. पण दुपारी जेवण उरकलं की मंगलाबाई चटईवर अंग टाकते. श्वास जड होतो, बारीक घोरायला लागते. गाढ झोप लागते तिला. आणि तेव्हा ते डोळे उघडतात.

यादव खुर्चीत बसून बघत राहतो. उठून जायची हिंमत होत नाही. ते डोळे त्याच्याकडं बघत नाहीत. त्याच्या खांद्यावरून, थोडं वर, मागं कुठंतरी लागलेले असतात, आणि तिथूनच तो करपट तिळाच्या तेलाचा वास पुन्हा येतो. त्यानं खुर्ची ओढून पाठ भिंतीला लावून घेतली, अगदी चिकटून, मधे हात जाणार नाही अशी.

ते तरीही त्याच्या मागंच बघतात.